पाहिलं तेवढंच

रामटेके मॅडम वर्गात शिरल्या की पहिली काही मिनिटं त्या तोंडच उघडत नसत. खांद्यावरची खाकी पिशवी टेबलावर ठेवायच्या, तिच्यातून एक वस्तू काढायच्या आणि पहिल्या बाकावर देऊन टाकायच्या. विटेचा तुकडा, साबणाची वडी, कोळसा, सायकलच्या ट्यूबची पट्टी, कधी नुसता पाण्याने भरलेला फुगा. ती वस्तू अडतीस पोरांच्या हातांतून फिरून परत येईपर्यंत त्या खिडकीशी उभ्या राहत. मग विचारत, "काय कळलं?"

कोणी "कोळसा" म्हणालं की त्या हात वर करून थांबवायच्या. "नाव मले माहीत आहे. हाताले काय लागलं ते सांग."

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. नंदनवन वस्तीतली शाळा, दोन मजले, मागे लिंबाची तीन झाडं. माझा वर्ग आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि तिच्यात वर हवेसाठी जाळी सोडलेली होती. त्यामुळे इकडे मी कविता शिकवत असताना पलीकडून शब्द पडत राहायचे. खरबरीत. गुळगुळीत. जड आहे, पण दिसते तेवढं नाही. चुरा होते. चुरा होत नाही. मला सुरुवातीला त्याचा फार त्रास व्हायचा. पुढे पुढे माझ्याच वर्गातली पोरं कवितेतल्या दगडाबद्दल विचारायला लागली की मॅडम, हा दगड कोणता, आणि मला उत्तर देता येईना.

मॅडम तेव्हा पंचावन्न वर्षांच्या असतील. उंच, काटक, सुती साडी पिनांनी घट्ट बसवलेली आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. प्रयोगशाळेत चप्पल चालत नाही, असं त्या पोरांना सांगत, म्हणून स्वतःही वर्षभर बुटात. मे महिन्याच्या प्रशिक्षणालासुद्धा बुटात. शिक्षकांच्या खोलीत त्या कमी बोलत. मी नवीन असताना आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी चहा पिता पिता त्यांना विचारलं होतं, "रामटेके म्हणजे नेमके कोण तुम्ही?" मॅडमने कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हटलं, "म्हणजे रामटेके." पुढे कोणी काही विचारलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायला लागले. वर्षभराने त्या मला अगं-तुगं करायला लागल्या.

त्यांच्या विज्ञानाच्या वहीची शाळेत दहशत होती. डाव्या पानावर लिहायचं 'पाहिलं', उजव्या पानावर 'वाटलं'. डावीकडचं उजवीकडे गेलं तर चालायचं. उजवीकडचं डावीकडे आलं की वही परत. एकदा संत्र्याचा प्रयोग होता. सालीसकट संत्रं पाण्यात तरंगतं, सोललं की बुडतं. एका मुलीने डाव्या पानावर लिहिलं की साल काढल्यामुळे संत्रं जड झालं. मॅडमने तिला बोलावून विचारलं, तू वजन केलं का? नाही म्हणाली. मग डावीकडे काहून लिहिलं? ती रडायला लागली. मॅडमने समजूत घातली नाही. तराजू आणून समोर ठेवला आणि तिचे डोळे कोरडे व्हायची वाट पाहत बसल्या. पोरीने सोललेलं संत्रं तोललं, साल तोलली, आणि स्वतःच पान फाडायला निघाली. "फाडू नको," मॅडम म्हणाल्या. "चुकलं तेही राहू दे. खाली नवीन लिही."

मला तो प्रकार कठोर वाटला होता. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "पाहिलं तेवढंच लिहायची सवय लागली पाहिजे वं. मग जन्मभर सुटत नाही." मी म्हटलं, अकरा वर्षांच्या पोरी आहेत त्या. त्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. न पटलेल्या गोष्टीला उत्तर न देणं ही त्यांची पद्धत होती आणि तिच्यामुळे त्यांना मित्र फार नव्हते.

आमचे मुख्याध्यापक बोरकर सर तर त्यांच्यावर उघड नाराज होते. त्याला कारण झाली शिक्षण खात्याची तपासणी. साहेब सहावीत आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, पदार्थाच्या अवस्था किती? सगळा वर्ग एका सुरात तीन म्हणाला. साहेब पुढच्या वर्गाकडे वळणार तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक बारकी पोरगी उभी राहिली. पायल निनावे. तिने विचारलं, "सर, रेती कोणती?" साहेब म्हणाले, स्थायू. पायल म्हणाली, पण रेती ओतता येते, आणि डब्यात टाकली तर डब्याचा आकार घेते. पुस्तकात तर हे द्रवाचं लिहिलं आहे.

बोरकर सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या आणि मुळीच मदतीला येत नव्हत्या. साहेब जरा गोंधळले, मग हसून म्हणाले की तूच सांग. पायलने बाहेरून मूठभर रेती आणली, भिंग आणलं, सगळ्यांना थांबवून ठेवून पाच मिनिटं पाहत बसली, आणि म्हणाली, "एकेक दाणा आपला आकार सोडून नाही राहिला. सगळे मिळून सोडल्यासारखे दिसतात." साहेबांनी तिची पाठ थोपटली. पण ते गेल्यावर बोरकर सर मॅडमना म्हणाले, तपासणीत पोरांनी उत्तरं द्यायची असतात, प्रश्न विचारायचे नसतात. वर्गावर तुमचा धाक नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते याच वर्गात आणि याच पोरीच्या बाबतीत झालं.

जानेवारीतली गोष्ट. मॅडम घनतेवर आल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी बर्फ पाण्यात टाकून दाखवला होता. आज मेण. वितळलेल्या मेणात घट्ट मेणाचा तुकडा टाकला तर काय होईल, हे पोरांनी आधी उजव्या पानावर लिहायचं होतं. बहुतेकांनी लिहिलं होतं, बर्फासारखा तरंगेल. जाळीतून मला त्यांचा वाद ऐकू येत होता. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही म्हणून मॅडमने गॅसच्या छोट्या शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं आणि त्या पाण्यात मेणाची वाटी. आम्हीही घरी तूप असंच वितळवतो. शेगडी होती टेबलावर. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याच्याखाली फरशीची कपची सरकवलेली होती. टेबल बदलून द्या, असा अर्ज मॅडमने दोनदा दिला होता, हे मला माहीत होतं. कारण दोन्ही अर्जांचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं.

आधी पातेलं पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ती शांतता एक-दोन क्षणांचीच असेल, पण माझा वर्गही गप्प झाला. आणि मग पायलचा आवाज.

मी धावत गेले तेव्हा मॅडमने पायलला उचलून बेसिनपाशी नेलेलं होतं. तिचा डावा हात कोपरापासून खाली नळाच्या धारेत धरला होता. हातावर पांढरट मेण चिकटलेलं, कातडी लाल. पोरगी किंचाळत होती आणि हात ओढत होती. मॅडम सोडत नव्हत्या. कोणीतरी टूथपेस्ट आणली, शिपाईकाका हळद घेऊन आले. मॅडमने मान हलवून दोघांना परत पाठवलं. बोरकर सर दारातून ओरडले की अहो, दवाखान्यात न्या, पाण्यात काय धरून बसलात. त्या म्हणाल्या, "वीस मिनिटं. गाडी काढून ठेवा." आणि मला म्हणाल्या, "घड्याळ पाह्य. आणि शेगडी बंद कर."

त्या वीस मिनिटांत त्यांनी पोरीला जवळ घेतलं नाही, कुरवाळलं नाही. फक्त दर मिनिटाला सांगत राहिल्या की आता किती उरली. मेण ओढायचा प्रयत्न करणाऱ्या एका शिक्षिकेचा हात त्यांनी झटकला. खिडकीबाहेर पोरांना न्यायला आलेले पालक जमायला लागले होते. त्यांच्यातल्या कोणीतरी मोबाइलवर ते शूटिंग केलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर फिरलं. रडणारी पोरगी आणि तिचा हात दाबून धरणारी दगडासारखी बाई, एवढंच त्यात दिसत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहून विचारलं, पाण्यात किती वेळ धरला होता? मॅडमने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बरं केलं, खोल गेलं नाही, पण डाग राहील. त्यावर मॅडम एकदम बाकावर बसल्या. त्यांची साडी कमरेपर्यंत ओली होती आणि बुटांतून पाणी निघत होतं.

पायलचे वडील देवराव यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. फाटकं, जिन्याचे कठडे करायचे. कामावरून तसेच आले होते. अंगावर चामड्याचा ॲप्रन, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने काळे ठिपके. त्यांनी आधी पोरीला पाहिलं, मग बाहेर येऊन विचारलं, शिकवणारी कोण? मॅडम उठून उभ्या राहिल्या. देवराव त्यांच्या समोर येऊन थांबले. मला वाटलं, आता हात उचलतील. बोरकर सर दोन पावलं मागे सरकले होते. देवराव एवढंच म्हणाले, "मी दिवसभर आगीत काम करतो बाई. माह्या पोरीले मी दुकानाच्या आत येऊ देत नाही." आणि परत आत गेले.

त्याच दिवशी पाच वाजता बोरकर सरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. संस्थेला अहवाल पाठवायचा होता. मराठी माझं, म्हणून लिहायला मी. सर येरझारा घालत सांगत होते, मी लिहीत होते. तारीख, वेळ, इयत्ता. मग ते थांबले आणि म्हणाले, "लिहा. सदर विद्यार्थिनीने शिक्षिकेच्या सूचनेचे उल्लंघन करून टेबलास धक्का दिल्यामुळे."

मी लिहिलं. माझा हात थांबला नाही, हे मी आज कबूल करते. मला वाटलं की यात मॅडमचंच भलं आहे. नोकरी वाचेल, पोलिसांपर्यंत जाणार नाही.

सरांनी कागद मॅडमपुढे सही करायला सरकवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वाचला. मग मला विचारलं, "तू पाहिलं का?"

मी म्हटलं, नाही.

"सर, तुम्ही?"

सर म्हणाले, प्रश्न तो नाही.

"मीपण नाही पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "मी पाठमोरी होती. फळीवरून चिमटा काढत होती." त्यांनी माझ्याच हातातला पेन घेतला, त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहायला लागल्या. टेबल हलते हे मला माहीत होते. तरी मी त्यावर गरम भांडे ठेवले. पाठ फिरवण्याआधी मी शेगडी बंद केली नाही. घटना घडताना मी पाहिली नाही. चार वाक्यं. सरांनी बजावलं, की टेबलाबद्दल अर्ज केले होते हे निदान लिहू नका, संस्थेवर येईल. मॅडम म्हणाल्या, अर्ज तर फाइलीत आहेत, ते लिहायची गरज नाही. आणि सही केली.

जिना उतरताना मी त्यांना म्हटलं की तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून दिलं. खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "पायलचं घर माहीत आहे का तुले?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की त्या पायलच्या घरी जायला लागल्या. घर दुकानाला लागूनच. पहिल्या दिवशी देवरावांनी दार लावून घेतलं. मॅडम बाहेर ओट्यावर बसल्या. तासभर बसून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. मी दोनदा सोबत गेले. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पाहायचे, कारण ते शूटिंग सगळ्यांनी पाहिलेलं होतं. एक बाई मोठ्याने म्हणाली, हेच ते बाई. शेजारी वेल्डिंगचा निळा उजेड चरचरत उठायचा आणि मॅडम त्याकडे पाठ करून बसायच्या. मी म्हटलं, चला, हा अपमान कशाला? त्या म्हणाल्या, "ड्रेसिंग कसं चाललं ते कळलं म्हणजे झालं." ते त्यांना पायलच्या आईकडून कळायचं. ती कचरा टाकायला बाहेर आली की जाता जाता, न थांबता, सांगून जायची. पाणी सुटणं थांबलं. आज ताप नाही.

सहाव्या दिवशी तिने पाण्याचा गडवा आणून ओट्यावर ठेवला. नवव्या दिवशी दारात पायल आली. हाताला कोपरापर्यंत पट्टी. त्या दिवशी मी तिथे होते. मला वाटलं, आता मॅडम रडतील किंवा माफी मागतील. पण बोलली पोरगीच.

"मॅडम, तो तुकडा डुबला का?"

"मलेही दिसलं नाही," त्या म्हणाल्या.

पायल त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली. तिच्यापुढे उंच पोरी होत्या. तिला काही दिसून राहिलं नव्हतं. म्हणून तिने टेबलाच्या काठावर पोट टेकवलं आणि पाय उचलून वाकून पाहायला गेली. तेवढ्यात टेबल कललं. "मीच रेटलं मॅडम. घरी सांगतलं मी."

मॅडमने तिच्या दुसऱ्या, चांगल्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता थंडी आहे, आत जा.

परतताना मी रस्त्यातच त्यांना अडवलं. म्हटलं, मॅडम, आता तर पोरगी स्वतः सांगते आहे. बुधवारी संस्थेची बैठक आहे. हे तिथे सांगा. एका वाक्याने तुम्ही सुटता. मी साक्ष देते, मी स्वतः ऐकलं.

"ते मस्ती करत नव्हती," मॅडम म्हणाल्या. "पाहत होती. अन् पाहायले मीच बोलावलं होतं तिले." मग थोडं चालून पुन्हा थांबल्या. "कोणाले सांगशील तर मी तुह्याशी बोलणार नाही."

बुधवारी ऑफिसात सात-आठ जण बसले होते. संस्थेचे सचिव, दोन सदस्य, बोरकर सर, आणि समोर देवराव निनावे, धुतलेल्या शर्टात. त्यांच्या खिशातून घडी केलेला कागद वर आलेला दिसत होता. ती पोलिसांत द्यायची तक्रार आहे, हे सगळ्यांना कळलेलं होतं. सचिव गोड बोलत होते. झालं ते वाईट झालं, पण शेवटी मुलं म्हटली की धडपडणारच, तुमच्या मुलीनेही जरा काळजी घ्यायला हवी होती. बोरकर सरांनी मान डोलावली. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला होते.

देवरावांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची वळवली आणि मॅडमकडे तोंड केलं.

"तुमचं चुकलं का नाही?"

"चुकलं," मॅडम म्हणाल्या.

"काय चुकलं?"

मॅडमने कागदावरची तीच वाक्यं सांगितली. टेबल हलतं हे माहीत होतं. गरम भांडं त्यावर ठेवलं. आच बंद न करता पाठ फिरवली. सचिव मध्येच म्हणाले की मॅडम, एवढं सगळं स्वतःवर घ्यायची गरज नाही. देवरावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोरगी म्हणते, तिनं टेबल रेटलं. तुम्हाले सांगतलं तिनं?"

"हो."

बोरकर सर खुर्चीत पुढे सरकले.

"मग तुम्ही काहून नाही सांगतलं इथं? तुमच्या कामाचं होतं ते."

मॅडम म्हणाल्या, "मी पाहिलं नव्हतं. अन् पाहिलं असतं तरी, तो तिचा दोष नव्हता. टेबल पक्कं असतं तर दहा पोरं टेकली असती तरी काही झालं नसतं."

देवरावांनी मान खाली घातली. स्वतःच्या हातांवरचे ठिपके पाहत बसले. मग उठले. "हप्त्यापासून मले सगळे हेच सांगून राहिले का तुमच्या पोरीचंच चुकलं," ते सचिवांना म्हणाले. "ज्यांनी म्हणायले पाहिजे होतं त्या बाईनं एकदा नाही म्हटलं." त्यांनी खिशातला कागद आणखी आत ढकलला आणि निघून गेले. मॅडमना त्यांनी नमस्कार केला नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही.

तक्रार कधीच झाली नाही. पायल त्याच शाळेत राहिली. पुढच्या रविवारी देवराव मशीन घेऊन आले, शिपायाकडून प्रयोगशाळा उघडून घेतली आणि त्या टेबलाला लोखंडी अँगलचे चार पाय बसवून गेले. कोणाला विचारलं नाही. आता ते टेबल दोघांना ढकलूनही हलत नाही.

पण संस्थेने प्रयोगशाळेला कुलूप लावलं. मॅडमचं विज्ञान काढून घेतलं आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. विज्ञानाला आलेले तरुण सर वर्गातल्या पडद्यावर मेण वितळताना दाखवायचे. त्यात तुकडा बुडतो आणि पोरं ते वहीत लिहून घेतात. जाळीतून आता काहीच ऐकू येत नाही.

ग्रंथालयात मॅडम बदलल्या. मला वाटलं होतं, त्या तिथेही गुपचूप काहीतरी सुरू करतील. पोरं मधल्या सुट्टीत जाऊन त्यांच्याभोवती उभी राहायची, खिशातून गोटी, पीस, कसला कसला दगड काढून समोर ठेवायची. त्या वस्तू हातात घ्यायच्या, फिरवून पाहायच्या आणि परत द्यायच्या. काय कळलं, असं विचारायच्या नाहीत. एकदा मी न राहवून म्हटलं, एवढं काय, गोटीने कोणी भाजत नाही. त्या म्हणाल्या, "ते मले समजते. हाताले नाही समजत." आणि कपाटाच्या किल्ल्या उगाच मोजत बसल्या. चूक पोरीवर ढकलू दिली नाही, तेव्हा ती कुठेतरी तर जाणारच होती. ती सगळीच्या सगळी त्यांनी आत ठेवून घेतली होती. पायल रोज एक पुस्तक बदलायला यायची. मॅडम नोंद करायच्या आणि तिच्या मनगटाकडे न पाहता पुस्तक द्यायच्या.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. शाल-श्रीफळ घेतलं आणि शाळा सुटायच्या आत निघून गेल्या. त्या प्रताप नगरला भावाकडे राहायला गेल्या, असं कळलं. फोन केला की नीट बोलायच्या, पण ये म्हणायच्या नाहीत. त्या ओळीबद्दल मला त्यांच्याशी एकदा बोलायचं होतं. मी लिहिलेल्या आणि त्यांनी खोडलेल्या. ते राहूनच गेलं.

मागच्या मे महिन्यात मी पेपर तपासायला प्रताप नगरकडे गेले होते. दुपारचा एक. तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर सिग्नलला थांबले होते. पलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. धूर निघणाऱ्या पिंपातून एक मजूर गरम डांबर झारीत घेऊन रस्त्याच्या खड्ड्यात ओतत होता. आणि फुटपाथच्या कडेला छत्री धरून, पांढऱ्या बुटात, रामटेके मॅडम उभ्या होत्या.

त्या डांबराकडे पाहत होत्या. त्याची धार आधी पातळ पडते, मग ओढली जाते, मग खड्ड्याच्या कडेशी हळूहळू थांबते, ते सगळं त्या डोकं किंचित कलवून पाहत होत्या. त्यांनी मजुराला काहीतरी विचारलं. त्याने झारी वर उचलून त्यांना पुन्हा एकदा धार सोडून दाखवली. मी हाक मारणार होते, पण मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले होते.

निघता निघता माझं त्यांच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. तो त्यांनी कमरेच्या उंचीवर बाजूला आडवा पसरून धरला होता, बोटं ताठ, मागे कोणाला तरी अडवून ठेवल्यासारखा. त्यांच्या मागे फुटपाथवर कोणीच नव्हतं.